वसाहत म्हणू नका, प्रांत म्हणा

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिलेल्या एका निकालपत्रात पेशवे दप्तरातला एक शब्द भेटतो : सरंजाम. खटला पोर्तुगाल विरुद्ध भारत असा होता आणि वाद होता एका वाटेचा. दमण पोर्तुगिजांचे, थोडे आत दादरा आणि नगर हवेलीही पोर्तुगिजांची, पण मधली जमीन भारताची. त्या जमिनीवरून जाण्यायेण्याचा हक्क आपल्याला आहे, असे पोर्तुगालचे म्हणणे. वाटेचा निवाडा करायचा तर ती गावे मुळात कोणाची, हे आधी ठरवायला हवे होते. म्हणून युरोपातल्या न्यायाधीशांना पावणेदोनशे वर्षे मागे, नाना फडणवीसांच्या पुण्यात जावे लागले. १७७९चा तह आणि त्यामागोमाग १७८३ व १७८५ साली दिलेल्या सनदा यांतून पेशव्यांच्या सरकारने पोर्तुगिजांना नेमके काय दिले होते? मुलूख, की मुलखाचा वसूल?

पोर्तुगालचे वकील म्हणत, सार्वभौमत्व दिले. भारताच्या बाजूचे म्हणणे होते की सालाना बारा हजार रुपयांचे उत्पन्न तेवढे लावून दिले. मराठेशाहीचा कारभार ठाऊक असलेल्याला यात कोडे पडू नये. सरंजामदाराला गावचा महसूल मिळतो, गावाचे राजेपण मिळत नाही, आणि सरकारच्या मनात आले तर सरंजाम काढूनही घेता येतो. न्यायालयालाही तसेच वाटले. अशा शब्दांतून कुठे मुलूख कायमचा तोडून दिल्याचे एकही उदाहरण आपल्यापुढे आले नाही, असा निष्कर्ष न्यायाधीशांनी काढला. मात्र तेवढ्याने भारत जिंकला नाही. मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी त्या गावांवर पोर्तुगिजांचे राज्य असल्याचे वागण्यातून मान्य केले होते आणि पुढे भारतानेही तेच चालवले होते. त्यामुळे निकाल दोघांनाही थोडा थोडा मिळाला : माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, शस्त्रे आणि सशस्त्र शिपाई यांना नव्हती, आणि १९५४ साली भारताने वाट अडवली त्यात कोणत्याही बंधनाचा भंग झाला नाही. भारतातर्फे बसलेले तदर्थ न्यायाधीश एम. सी. छागला यांनी वेगळे मत नोंदवले.

शब्दावरची ही लढाई अपवाद नव्हती. गोवा, दमण, दीव यांच्या मुक्तीचा सगळा इतिहासच अशा शब्दांच्या झटापटींनी भरलेला आहे, आणि त्याचे कारण लिस्बनमध्ये होते. इंग्रजांनी हिंदुस्थान आपल्या साम्राज्याचा भाग असल्याचे कधी लपवले नाही. स्वराज्य द्यायचे की नाही, किती द्यायचे, केव्हा द्यायचे, यावर त्यांच्याशी भांडता येत होते. पोर्तुगालशी भांडण सुरू होण्याआधीच अडत असे, कारण राज्य करणारा देश म्हणत होता की आम्ही कोणावर राज्य करतच नाही.

पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांचे हे म्हणणे पहिल्यापासूनचे नव्हते. १९३० साली त्यांच्याच पुढाकाराने जो कायदा आला त्याचे नावच वसाहत कायदा होते. सागरापार मुलूख ताब्यात ठेवणे, तिथे वसाहती करणे आणि तिथल्या लोकांना सुधारणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे अंगभूत कार्य आहे, असे त्यात साफ लिहिले होते. पूर्वी ज्यांना प्रांत म्हणत त्या मुलखांना या कायद्याने वसाहती करून टाकले. गोव्यात याची कळ सर्वांत आधी लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांना लागली. चांदोरच्या सधन घराण्यातले हे पत्रकार ‘ओ हेराल्दो’ या पोर्तुगीज दैनिकाच्या संस्थापकांपैकी एक. त्याच वर्षी पणजीच्या सरकारी मंडळात त्यांनी ठराव मांडला की प्रत्येक समाजाला आपले भवितव्य स्वतः ठरवण्याचा जो हक्क आहे, तो पोर्तुगीज हिंदुस्थानने सोडलेला नाही. ठराव पोर्तुगीज भाषेत होता, मांडणारा पोर्तुगीज संस्कृतीत मुरलेला होता. सालाझारांना तो झोंबला याचे एक कारण हेही असावे.

मग दुसरे महायुद्ध झाले, हिंदुस्थान, ब्रह्मदेश, इंडोनेशिया एकामागून एक सुटले आणि वसाहत हा शब्द जगात बाळगायला अवघड झाला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने वसाहती राखणाऱ्या देशांवर तिथला अहवाल देण्याचे बंधनही घातले. लिस्बनने यावर तोडगा शोधला तो शब्दकोशात. १९५१च्या घटनादुरुस्तीने वसाहती नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी ‘सागरपार प्रांत’ आले. वसाहत मंत्रालयाची पाटी बदलून सागरपार मंत्रालय झाले. अंगोला, मोझांबिक, गोवा, मकाव, तिमोर हे सगळे आता पोर्तुगालच. मिन्हो परगणा जितका पोर्तुगाल तितकेच सत्तरीचे जंगल. लिस्बनच्या कागदावर गोव्यात राज्यकर्ता आणि प्रजा असा भेदच उरला नाही. सेन्सॉर, गुप्त पोलिस आणि लष्करी न्यायालय मात्र राहिले.

गोव्याच्या आपल्या बोलण्यातले शब्द जास्त प्रामाणिक होते. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी हे सोळाव्या शतकात जिंकलेले तालुके म्हणजे जुन्या काबिजादी. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे अठराव्या शतकात हाती आलेले, म्हणून नव्या काबिजादी. काबीज केलेला मुलूख, हे सरळ त्या नावातच आहे. सत्तरीच्या राण्यांनी १८५२ साली दीपाजींच्या आणि १८९५ साली दादा राण्यांच्या नेतृत्वाखाली शस्त्र उचलले, तेव्हा आपण एका प्रांतातले समान नागरिक आहोत असे त्यांच्या डोक्यात असण्याचे कारण नव्हते. गोरा पोर्तुगीज म्हणजे पाखलो, हे गावच्या पोरालाही ठाऊक होते.

शब्द बदलल्याचा खरा फटका कायद्यात बसला. वसाहतीतला माणूस स्वातंत्र्य मागतो तेव्हा तो निदान आंदोलक असतो. पण गोवा पोर्तुगालच असेल तर गोवा भारताचा म्हणणारा देशद्रोही ठरतो. गोव्यात काँग्रेस कमिटी १९२८ साली स्थापन करणारे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ साली लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि समुद्रापलीकडे, पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. त्याच वर्षी १८ जूनला डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात बंदी मोडून सभा घेतली. त्यांची मागणी स्वातंत्र्याचीही नव्हती; ती होती नागरी हक्कांची, सभेची आणि छपाईची. तिथे लग्नपत्रिकाही सेन्सॉरच्या हातून गेल्याशिवाय छापता येत नसे. मडगावच्या त्या मैदानाला आज लोहिया मैदान म्हणतात आणि १८ जून हा क्रांतिदिन म्हणून पाळला जातो.

या साऱ्यांत डॉ. पुंडलिक गायतोंडे यांचे प्रकरण सर्वांत लहान आणि म्हणूनच बोलके. म्हापशाचे नामांकित शल्यविशारद, बायको पोर्तुगीज, शिक्षण लिस्बनचे. १७ फेब्रुवारी १९५४ रोजी एका मेजवानीत कोणी वक्ता गोवा म्हणजे पोर्तुगाल असे म्हणाला. डॉक्टरांनी जागच्या जागी पोर्तुगीजमध्ये दोनच शब्द उच्चारले : मी निषेध करतो. एवढ्यावर अटक झाली आणि त्यांची रवानगी पोर्तुगालला झाली. सरकारची घाई समजण्यासारखी आहे. सगळी इमारत ज्या एका वाक्यावर उभी, त्या वाक्याला चारचौघांत कोणी हरकत घेतली होती.

हरकत घेणारे १९५४च्या उन्हाळ्यानंतर थेट हद्दीत शिरू लागले. जुलैत दादरा मुक्त झाले, २ ऑगस्टला नगर हवेलीतले सिल्वासा. आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स अशी निरनिराळी मंडळी त्यात होती. गायक-संगीतकार सुधीर फडके आणि तरुण बाबासाहेब पुरंदरे यांचाही सहभाग होता. यानंतर जे घडले ते घटनेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावे असे आहे. पोर्तुगीज गेले, पण भारताने तो मुलूख लगेच घेतला नाही. हेगच्या खटल्याचे सावट होते. सात वर्षे तिथे वरिष्ठ पंचायत कारभार करत राहिली. ‘मुक्त’ हा शब्द तिथे अगदी नेमका लागू पडत होता : पोर्तुगालचा नाही, आणि अजून भारताचाही नाही. १९६१ साली विलीन व्हायची वेळ आली, तेव्हा सही कोणी करायची हा प्रश्न पडला. दोन बाजूंनी करार करायचा तर दोन प्रमुख हवेत. मग के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला त्या मुलखाचा प्रमुख नेमण्यात आले आणि ११ ऑगस्टला त्यांनी पंडित नेहरूंच्या बरोबरीने सही केली. कायद्याला कधीकधी नाटकाची नेपथ्यरचना लागते.

१९५५चा सत्याग्रह मात्र नाटक नव्हते. पुण्यातल्या गोवा विमोचन सहायक समितीने तुकड्या पाठवायला सुरुवात केली. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची पहिली तुकडी हद्द ओलांडून गेली. बापट तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होते. १५ ऑगस्टला देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही ठिकठिकाणांहून एकाच दिवशी शिरले. पत्रादेवीला आणि इतरत्र गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसे पडली. पंजाबचे कर्नेलसिंग बेनीपाल पत्रादेवीलाच गेले. मध्य प्रदेशातल्या सहोद्राबाई राय गोळी लागून जखमी झाल्या आणि पुढे खासदार झाल्या. सत्याग्रह या शब्दाची एक अट असते, ती इथे उघडी पडली. समोरच्याला थोडी तरी लाज, मागे कोणी तरी लोकमत, प्रश्न विचारणारी एखादी तरी संसद लागते. इंग्रजांच्या मागे लंडनची वर्तमानपत्रे होती. सालाझारांच्या पोर्तुगालमध्ये वर्तमानपत्रांवरच सेन्सॉर होता, मग हद्दीवरचा गोळीबार तिथे छापणार कोण? नेहरूंनी त्यानंतर सामुदायिक सत्याग्रह थांबवला, सीमा बंद केली आणि आर्थिक कोंडीची वाट धरली. ती सहा वर्षे लांबली, आणि महाराष्ट्रातल्या समाजवाद्यांनी व संघवाल्यांनी दिल्लीला याबद्दल कधी मनापासून माफ केले नाही.

मधल्या काळात आंबोलीच्या आणि कॅसल रॉकच्या रानातून एक गुप्त नभोवाणी केंद्र चालत होते. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५पासून ते चालवले. पोर्तुगीजमधून ते स्वातंत्र्याचा आवाज होते, कोकणीतून गोंयच्या सोडवणेचो आवाज. ‘सोडवण’ हा घरगुती शब्द समितीच्या संस्कृतप्रचुर ‘विमोचना’पेक्षा कितीतरी जवळचा वाटतो.

लढाई न्यूयॉर्कलाही चालू होती. पोर्तुगालला १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले, पाच दिवसांनी त्याने हेगच्या न्यायालयाचा अधिकार मानला आणि आणखी तीन दिवसांनी भारतावर खटला भरला. दुसऱ्या वर्षी महासचिवांनी रीतसर पत्र पाठवले : आपल्या ताब्यात स्वयंशासन नसलेले प्रदेश आहेत का? उत्तर आले : नाहीत. १९५१ची घटनादुरुस्ती हे उत्तर देता यावे म्हणूनच केली होती, असे म्हणायला हरकत नाही. पण महासभेचे रूप पालटत होते. १९६० साली आफ्रिकेतले सतराएक देश स्वतंत्र झाले आणि १४ डिसेंबरला वसाहतवाद संपवण्याचा जाहीरनामा ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. नऊ देश तटस्थ राहिले, त्यांत पोर्तुगालबरोबर अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सही होते. दुसऱ्याच दिवशीच्या ठरावात महासभेने पोर्तुगालच्या प्रदेशांची यादीच दिली आणि तुम्ही काहीही म्हणा, या वसाहतीच आहेत असे बजावले. यादीत ‘गोवा आणि त्याचे उपप्रदेश’ होते.

पुढच्या घटना मराठी वाचकाला ठाऊक आहेत. नोव्हेंबर १९६१मध्ये अंजदीव बेटावरून भारतीय बोटींवर गोळीबार झाला. १७ डिसेंबरच्या रात्री भारतीय सैन्याचे ऑपरेशन विजय सुरू झाले आणि १९ तारखेला गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, हा सालाझारांचा आदेश त्यांनी पाळला नाही आणि गोवा पडझडीतून वाचला. मायदेशी या सेनानीला लष्करातून काढून टाकण्यात आले. मान परत मिळायला १९७४ साल उजाडले. गोव्याने या माणसाची आठवण जरा अधिक ठेवायला हवी.

सुरक्षा परिषदेत १८ डिसेंबरला या साऱ्याचे नाव काय, यावर खडाजंगी झाली. अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन म्हणत होते, हे आक्रमण. भारताचे सी. एस. झा म्हणत होते, साडेचारशे वर्षांपूर्वीच्या आक्रमणाचा हा शेवट. जी हद्द कायदेशीर नाही तिचे उल्लंघन होत नाही. सैन्य मागे घ्या म्हणणाऱ्या ठरावाच्या बाजूने सात आणि विरुद्ध चार मते पडली. सोव्हिएत नकाराधिकाराने तो बाद झाला.

फ्रेंचांनी हेच किती सोपे करून टाकले होते! पुदुच्चेरीत ऑक्टोबर १९५४मध्ये किळूर इथे लोकप्रतिनिधींचे मतदान झाले, १७८पैकी १७० जणांनी भारताच्या बाजूने कौल दिला, १ नोव्हेंबरला प्रत्यक्ष ताबा दिला आणि कायदेशीर हस्तांतर १९६२पर्यंत निवांत पूर्ण केले. ताबा आणि मालकी यांची फोड करून दोघांनीही इभ्रत राखली. सालाझारांना ती सोयही नको होती.

मुक्तीनंतर गोव्यात जो शब्द सर्वाधिक तापला तो ‘विलीनीकरण’. महाराष्ट्रात या शब्दाला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा गंध होता. मुंबई मिळवलेल्यांना गोवा ही उरलेली कडी वाटत होती. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष याच मुद्द्यावर १९६३ साली निवडून आला. पण अनेक गोवेकरांना, आणि केवळ ख्रिस्ती गोवेकरांना नव्हे, या शब्दात दुसरे काही ऐकू येत होते : एकाच्या हाताखालून सुटून दुसऱ्याच्या हाताखाली. म्हणून १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. फुलावर मत म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानांवर मत म्हणजे केंद्रशासित प्रदेश. घटक राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. सगळ्यांत गमतीची गोष्ट अशी की विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत जोरकस मोहीम एका मराठी दैनिकाने, ‘राष्ट्रमत’ने चालवली, त्यातले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर गावोगाव मोठ्याने वाचले जाई. कोकणी वेगळी भाषा आहे हे गोव्याला पटवून देण्याचे काम बरेचसे मराठीतूनच झाले. घटक राज्य व्हायला १९८७चा ३० मे उजाडावा लागला.

लिस्बनचा शब्दकोश इतक्या लवकर बदलला नाही. त्यांच्या लेखी गोवा १९६१नंतरही व्यापलेला पोर्तुगीज प्रांतच होता. त्याची किंमत मोहन रानडे यांनी मोजली. सांगलीचे हे शिक्षक आझाद गोमंतक दलात गेले, १९५५ साली बेतीच्या पोलिस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले आणि लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात अडकले. गोवा मुक्त झाला, पकडलेले पोर्तुगीज सैनिक मायदेशी परतले, रानडे तिथेच. ते युद्धकैदी नव्हते, पोर्तुगीज भूमीवर गुन्हा केलेले गुन्हेगार होते, असा तिथला हिशेब. ते सुटले १९६९च्या जानेवारीत.

एप्रिल १९७४मध्ये लिस्बनच्या लष्करी तरुणांनी ती राजवट उलथवली आणि सागरपार प्रांत काही महिन्यांत पुन्हा वसाहती झाले, तेही त्यांना स्वातंत्र्य देऊन टाकण्यासाठी. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरिश यांनी सही केली, भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी; ऑपरेशन विजयच्या वेळी ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. करारात पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवर भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, आणि तेही सहीच्या दिवसापासून नव्हे, तर ते प्रदेश भारतात आले त्या त्या दिवसापासून, म्हणजे मागील तारखेने. एक गोष्ट मात्र मागील तारखेने पुसता आली नाही. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस जन्मतः पोर्तुगीज नागरिक होता, हे लिस्बनचा कायदा अजून मानतो. त्या आधारे गोवेकर आपल्या आजीआजोबांचे जन्मदाखले शोधून काढतात, लिस्बनला जन्माची नोंद करतात, पासपोर्ट मिळवतात आणि युरोपात कामाला जातात. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने, ही नोंद झाली त्या दिवशी भारतीयत्व गेले की पासपोर्ट हाती आला त्या दिवशी, हा वाद गोव्यात निवडणुकीतल्या हरकतींपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत होत राहिला आहे.